उजव्या बाजूची बायजा

माझं काम काय ते पाहुण्यांना सांगताना माझ्या आईची फार पंचाईत होते. "पोरगी गाण्यांच्या कंपनीत आहे" म्हटलं की समोरून विचारतात, गाते का? नाही. काही वाजवते? तेही नाही. मग करते काय? आई थोडा विचार करते आणि म्हणते, "गाणी निवडते. तांदूळ निवडतात ना, तशी." पाहुणे चहा पितात आणि विषय बदलतात. आठ वर्षं मी या उत्तराला हसत आले. आता या कामावर लिहायला बसले तर याहून नेमकं वाक्य सापडत नाही.

महापे एमआयडीसीत बिस्किटांच्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. आमच्या सगळ्या गाण्यांना व्हॅनिलाचा वास येतो, असं आमचे मेनन सर म्हणतात. आम्ही डिजिटल संगीत वितरक. तुमच्या मोबाईलमधली गाण्यांची अ‍ॅप एकेकट्या गायकाकडून गाणं घेत नाहीत. त्यांना ते आमच्यासारख्या कुणाकडून तरी हवं असतं, ठरलेल्या मापात, ठरलेल्या माहितीसकट. एपीएमसीत शेतकऱ्याचा माल आडत्याकडे उतरतो, तसं गाणं आमच्याकडे उतरतं. चाळणीवर मी बसते.

आता माप म्हणजे काय, ते सांगते. पुढची सगळी भानगड त्यातूनच झाली. रेकॉर्डिंग जसं झालं तसं पूर्ण ठेवलं तर फाईल फार मोठी होते. कापसाची गादीच समजा. ती दाबून पिशवीत भरता येते आणि पिशवी उघडली की गादी परत पूर्ण फुगते. याला आमच्यात लॉसलेस म्हणतात, काहीच न गमावलेलं. दुसरी तऱ्हा म्हणजे गादीतला बराचसा कापूस काढूनच टाकायचा. हे एमपीथ्री. कुठला कापूस काढायचा याचाही नियम आहे. मोठ्या आवाजाच्या जवळ एखादा बारीक आवाज असेल, तर तो माणसाला तसाही ऐकू येत नाही. तेव्हा तो टाकून द्या.

हा नियम मला पहिल्यांदा समजावून सांगितला तेव्हा माझ्या अंगाची आग झाली होती.

कारण मी पत्रकांच्या घरात वाढले. पप्पा जालन्याकडचे. तुर्भ्याला केमिकल कंपनीत ऑपरेटर होते आणि घरी पत्रकं लिहायचे. काढून टाकलेल्या कंत्राटी कामगारांसाठी, वस्तीच्या नळासाठी, विहारातल्या वाचनालयासाठी. मी वाचायला शिकले ती पत्रकांच्या प्रुफांवर. जयंतीच्या आदल्या दिवशी आम्ही भावंडं गठ्ठे मोजायला बसायचो. पप्पांचा एकच नियम होता. ज्याचा आवाज बारीक, त्याचं नाव पहिल्या ओळीत. आणि इथे जगभर चाललेलं एक तंत्र बरोबर उलट सांगत होतं. पप्पांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग तू तिथेच नोकरी कर. आत माणूस पाहिजे."

तर मी आत आहे.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एका लेबलवाल्याकडे लॉसलेस फाईल मागितली, तर त्याने एमपीथ्रीच्याच फाईलचं शेवटचं नाव बदलून वेव, म्हणजे न दाबलेली पूर्ण फाईल, असं करून पाठवलं. मी फोन केला.

"दादा, ही एमपीथ्रीच आहे."

"मॅडम, नाव वाचा ना. वेव लिहिलंय."

"आडनाव बदललं म्हणून खानदान बदलतं का?"

"आमच्यात तर बदलतं," तो म्हणाला. "सोयरीक जमेपर्यंत."

दुसरे एपीएमसीतले कांद्याचे व्यापारी. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. स्वतःची भजनं स्वतः गातात आणि दर श्रावणात नवीन अल्बम आणतात. चारी बाजूंनी आवाज ऐकू येणारा नवा फॉर्मॅट आला, तेव्हा अण्णा गाडी घेऊन थेट ऑफिसात आले. "आपल्याला तसंच पायजे. माझा आवाज पाठीमागून आला पायजे."

मी म्हटलं, "अण्णा, त्याला प्रत्येक वाद्य वेगळं रेकॉर्ड केलेलं लागतं. तुमची पेटी, तबला, टाळ, तुम्ही, सगळे एकाच माईकवर."

"मग मी माईकभोवती फिरतो ना!"

आणि ते फिरले. आठवड्याने रेकॉर्डिंग आलं. भजन कमी आणि अण्णांची चप्पल जास्त ऐकू येत होती, आणि तिसऱ्या कडव्यापासून दम. मी ते साध्या स्टिरिओत पाठवलं. अण्णांचा फोन आला: "सूनबाई म्हणाली, पप्पा किचनमधून गात आल्यासारखे वाटले. झालं की काम!" अशा माणसावर रागवायचं कसं?

मेनन सरांवर मात्र मी पुष्कळदा रागावले आहे. सर लहानपणी केरळातून वाशीत आले आणि मराठी वाशीतच शिकले, त्यामुळे त्यांचं मराठी धावतपळत बोलल्यासारखं असतं. त्यांनी कॅसेटच्या प्रती काढून धंदा सुरू केला. मग एमपीथ्रीच्या सीड्या आल्या, मग मेमरी कार्ड, मग कॉलर ट्यून. प्रत्येक वेळी शटर खाली यायची वेळ आली आणि प्रत्येक वेळी सर कुठून तरी नवं मशीन घेऊन आले. मला ते लीडर म्हणतात. माझ्या मागे वेगळं काही म्हणत असतील.

आमचं मोठं भांडण झालं ते दोन मोठ्या अ‍ॅपनी सांगितलं तेव्हा, की यापुढे आम्हाला लॉसलेसच द्या, जुनी गाणीसुद्धा. बाकीच्यांना जुनंच माप चालणार होतं, एकाला चारी बाजूंचं हवं होतं. म्हणजे एकेक गाणं तीन-तीन साच्यांत. पण आमच्याकडची जुनी गाणी सगळी एमपीथ्रीत. मूळ कॅसेट कुठेच नाहीत.

"कन्व्हर्ट करू," सर म्हणाले. "एमपीथ्रीची वेव, वेवची लॉसलेस. कोणाला कळतंय?"

"मला कळतंय."

"तू कान हायस की पोलीस?"

कापूस काढलेल्या गादीला मोठा अभ्रा घालून ती नवी म्हणून विकायची, याचंच नाव कन्व्हर्ट. पडद्यावर बघितलं की चोरी उघडी पडते. आवाजाच्या चित्रात वरचा सगळा भाग सुरीने कापल्यासारखा सरळ रेषेत गायब असतो. मी घरी गेले आणि एक पानभर पत्रक लिहिलं. मथळा: नकली लॉसलेस म्हणजे श्रोत्यांशी बेइमानी!!! सकाळी ते कॉफीच्या मशीनशेजारी चिकटवलं. सरांनी कॉफी घेत ते पूर्ण वाचलं आणि म्हणाले, "खाली 'कृती समिती' लिहायचं राहिलं." मग यादी माझ्या टेबलावर ठेवली. "ठीक. ज्याचं मूळ नाही, त्याच्यापुढे लाल खूण कर. पण खूण केली की गाणं त्या अ‍ॅपवरून जाणार. गाणाऱ्यांना तोंड तू द्यायचं."

मी लाल खुणा केल्या. तत्त्वाने केल्या. त्यात एक नोंद होती: आगरी धवला, हिराबाय आणि मंडळी.

दोन आठवड्यांनी तक्रारींच्या पेटीत एक ओळ आली. "तुमच्या धवल्यात आमची आजी नाही." मला वाटलं, नाव छापायचं राहिलं असेल. मी ठरलेलं उत्तर पाठवलं, की फाईल आमच्या नोंदीप्रमाणे योग्य आहे. पुढच्या शुक्रवारी दुपारी तक्रार स्वतःच जिना चढून वर आली.

सोनाली बेलापूरच्या एका दवाखान्यात रक्त तपासते. तिच्याबरोबर नऊवारीतली, डोक्यात अबोलीचा गजरा घातलेली एक म्हातारी होती. हिराबाय. उलव्याच्या टॉवरांमध्ये अडकून राहिलेल्या एका जुन्या गावची धवलारीण. आगरी लग्नात भटजीच्या आधी धवलारीण लागते. एकेक विधी होत जातो तशी ती गाते, तेच त्या लग्नाचे मंत्र. तिने सूर लावल्याशिवाय हळदीला हात लागत नाही. आणि ती एकटी गात नाही, दोघी गातात. हिराबायची जोडीदारीण तिची धाकटी जाऊ होती, बायजा. सोनाली बायजाची नात. हिराबायला ती मोठी आय म्हणते.

हिराबायने मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "तू गानी तपासतंस?"

"हो, आजी."

"मंग सांग, माजी जाव कुठं हाय?"

मी धवला लावला आणि त्यांच्या कानांवर हेडफोन ठेवले. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. एका जागी त्यांचे ओठ हलले आणि थांबले.

"दोनी कानान मीच," त्या म्हणाल्या. "मी सोरतंय, ती धरतंय. असा आमचा धवला. यान मी सोरतंय नि कोन धरीतच नाय. मी गप बसतंय, मंग परत मीच. आनि ती जरा कुठं हाय, ती पान्यान बुराल्यासारखी."

म्हणजे हिराबाय ओळ सोडायची आणि बायजा ती धरायची. मी पुन्हा ऐकलं. खरंच, हिराबायच्या दोन ओळींमधल्या रिकाम्या जागेत खूप लांबून काहीतरी बुडबुडल्यासारखं येत होतं. ते मी इतके दिवस खराबी समजत होते. तो बायजाचा आवाज होता.

सोनाली म्हणाली, "तीन आठवड्यांनी माझी हळद आहे. आजी गेल्यापासून मोठी आय एकदाही गायली नाही. एकटीने धवला गात नाहीत म्हणते. शेवटी कबूल झाली, की बायजा नीट ऐकू आली तर पाटाशी बसेन. म्हणून मी मोबाईलवर हे लावलं. तर ऐकून ती दोन दिवस जेवली नाही."

"दुसरी धवलारीण नाही का मिळणार?" मी विचारलं. अडाणी प्रश्न होता.

"आन की," हिराबाय म्हणाल्या. "दुसरी आन. मी तवर पनवेलला भैनीकरं जातंय."

त्या गेल्यावर मी फाईल उघडून बघितली. डाव्या कानाचा आवाज आणि उजव्या कानाचा आवाज तंतोतंत एक. मी सरांना बोलावलं. सर पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "लीडर, दार लोट."

मी दार लोटलं.

"कॅसेटच्या डेकला दोन वायरी असतात. डावी, उजवी. माझी उजवी तुटली होती. तेव्हा मेमरी कार्डात जास्तीत जास्त गाणी बसवायची घाई. एकाच बाजूचं घेतलं की फाईल निम्मी होते. मी म्हटलं, बरंच झालं. दोन्ही बाजूंना तेच तर असतं."

"दोन्ही बाजूंना तेच नसतं, सर."

"ते आता कळलं. रेकॉर्डिंग करणाऱ्याने एका बाईला एक माईक दिलेला असणार, दुसरीला दुसरा. एक डावीकडे, एक उजवीकडे. मी डावीकडची घेतली."

"किती कॅसेट केल्या तुम्ही अशा?"

सर माझ्या टेबलावरच्या यादीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "वायर आणायला मार्केटला जायला लागलं असतं, बस एवढंच. वाटलं, कोणाला कळतंय."

"आणि कॅसेट?"

"रद्दीत. एमपीथ्री झाली ना, मग कॅसेट कशाला, असं वाटायचं तेव्हा."

माझ्या डोक्यात अख्खं पत्रक तयार झालं होतं, मथळ्यासकट. त्या यादीत माझ्या मावशीच्या वस्तीतल्या जलसेवाल्यांची गाणी होती. दोन शाहिरांपैकी एक कायमचा गेला होता आणि ते कुणाच्या गावीही नव्हतं. पण मी तोंड उघडायच्या आत सरांनी चष्मा काढला, पुसला आणि विचारलं, "बाईंच्या घरी कॅसेट असेल का गं?"

होती. बायजाच्या ट्रंकेत, तिच्या हळदीच्या लुगड्याच्या घडीत. सोनालीने ती डब्यात घालून आणली. खाडीकाठच्या दमट हवेत टेपवर पांढरी बुरशी चढली होती. मी म्हटलं, संपलं. सर म्हणाले, "टेन्शन नको घेऊ. हे माझं काम." त्यांनी कोपरखैरण्याच्या एका रिपेअरवाल्याकडून डेक आणला. कॅसेट उघडली, मऊ कापडातून टेप वीत-वीत ओढत पुसली आणि नव्या खोक्यात गुंडाळली. चार दिवस लागले. त्या चार दिवसांत त्यांनी एकही फोन घेतला नाही. आणि वायरी विकत आणल्या, दोन नव्या, चांगल्या. लावण्याआधी तीन-तीनदा तपासल्या. मी बघत होते.

डावीकडून हिराबाय आली, तरुण, धारदार. तिने ओळ सोडली. आणि उजवीकडून बायजाने ती धरली. जाड, किंचित बसका, सावकाश आवाज. हिराबाय पुढे धावायची आणि ही मागून येऊन तिचं सांडलेलं गोळा करायची.

"अरे," मेनन सर म्हणाले, "ही तर छान गाते." जणू बायजानेच इतकी वर्षं त्यांच्यापासून लपवून ठेवलं होतं.

इथून पुढची चूक माझी आहे. ती मी कुणावर ढकलणार नाही.

मी ते रेकॉर्डिंग साफ करायला घेतलं. खरं लॉसलेस, मूळ कॅसेटवरून, आमच्या कंपनीतलं पहिलं. मला ते आरशासारखं हवं होतं. मी टेपची खरखर काढली. बांगड्या काढल्या. एक कोंबडी होती, ती काढली. कुणीतरी "तेल आन गो" म्हणत होतं, ते काढलं. ओळींच्या मधे पाऊण-पाऊण मिनिट नुसती खुसपुस होती, ती छाटून दोन-दोन सेकंदांवर आणली. अ‍ॅपना लांब शांतता चालत नाही, हेही कारण होतं. मग मी स्वतः फाईल घेऊन उलव्याला गेले. डोक्यावरून विमान खाली उतरत होतं, आणि ते जाईपर्यंत आम्ही सगळे गप्प बसलो. मग मी स्पीकर लावला.

बायजाची पहिली ओळ आली तशी हिराबायने स्पीकरवर तळवा ठेवला. तापलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा. सोनाली रडायला लागली. मी मनातल्या मनात पप्पांना सांगत होते, बघा, आत माणूस पाहिजे म्हणालात ना.

तिसऱ्या ओळीला हिराबाय स्वतः गुणगुणायला लागली. चौथीला मागे पडली. पाचवीला हात वर केला.

"थांबव. या गान्यान हलद कोन लावतंय?"

मला कळलं नाही.

"खरोखरच्या हलदीन गायलेला धवला हाय यो. आमच्या पुतनीची हलद. नाव घेव नका बोलला यो कॅसेटवाला, विकाची हाय, म्हनून नुसती नवरी बोललाव. पन हलद खरी. मामी हलद उचलतंय, मंग काकी, मंग आत्या. पाच जनींचे पाच हात. हात खाली येईस्तवर पुरची ओल नाय. धवला हाताच्या मागं जातंय, पोरी. तुजे गान्यान हात कुठं हाय? आमी दोघी कोनी मागं लागल्यासारख्या परत सुटलाव."

मी स्पीकर बंद केला. ओळींमधल्या ज्या खुसपुशी मी छाटल्या, त्यांतच हळदीचे हात होते. बारीक आवाज कुणाला लागतो, म्हणून तो टाकून द्या. या नियमावर मी भाषणं केली होती. मशीनने हे केलं तर मी मथळ्यात तीन उद्गारचिन्हं द्यायचे. आणि इथे मी स्वतःच्या हाताने, चांगले हेडफोन लावून, बांगड्या आणि कोंबडी आणि तेल मागणारी बाई टाकून दिली होती. कुणाला कळतंय, एवढंच म्हणायचं बाकी होतं.

"आजी, चुकले," मी म्हटलं. "मूळ आहे माझ्याकडे. जसं होतं तसं देते."

"दे. नि मना काढ त्याच्यातून."

"तुम्हाला?"

"मी जिती हाय ना? मना कशाला वाजवतंस? जी नाय ती वाजव."

ऑफिसात येऊन मी मूळ फाईल उघडली. मूळ कधी पुसायचं नाही, हा माझाच नियम होता, तेवढा तरी कामी आला. सगळं जागच्या जागी होतं, कोंबडीसकट. मग मी डावी बाजू बंद केली आणि उजवी ठेवली. मेनन सर मागे उभे होते. इतक्या वर्षांपूर्वी त्यांनी जे केलं तेच मी करत होते, फक्त बाजू दुसरी.

"वायर काढायचीच होती," ते म्हणाले, "तर विचारून काढायला पायजे होती."

दोन्ही बाजूंचा पूर्ण धवला आम्ही सगळ्या अ‍ॅपना पाठवला. एका अ‍ॅपने परत धाडला, मधे फार लांब शांतता आहे, दुरुस्त करा. कारण लिहायच्या जागी मी लिहिलं: शांतता नाही, हळद चालू आहे. कुणीतरी ते वाचलं असावं. धवला आता तिथे आहे, गाणाऱ्यांच्या नावात बायजा आधी, हिराबाय नंतर. यादीतल्या बाकीच्या गाण्यांच्या लाल खुणा मात्र तशाच आहेत. सर रविवारी गावोगाव फिरून विचारतात, कुणाकडे जुनी कॅसेट आहे का. दोन मिळाल्या. बाकीच्यांची उजवी बाजू कुठे गेली, ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. तुमच्या ट्रंकेत असेल तर बघा.

हळदीच्या दिवशी चार वाजता सर आणि मी पोचलो. दारात मांडव, मांडवाबाहेर डीजेवाल्याची स्पीकरांची भिंत. त्याने एक स्पीकर आम्हाला दिला, आणि तो देताना किती वेळ लागेल ते तीनदा विचारलं. पाटावर सोनाली. हिराबाय तिच्या डाव्या बाजूला बसली. उजवीकडे, जिथे बायजा बसायची, तिथे हिराबायने स्पीकर ठेवायला लावला आणि त्याच्यापुढे पानसुपारी ठेवली. मी लॅपटॉप घेऊन मागे. तिने आत्या-मामींना सांगून ठेवलं होतं: "बायजा थांबंल तवर थांबा. ती चालंल तवा चाला."

हिराबायने सूर लावला. आवाज फाटला. तिने खाकरून पुन्हा लावला. "पाटाव बस गो, सोनाली बाय." नाव तिने आता घातलं होतं. आणि स्पीकरमधून, बांगड्यांच्या किणकिणीतून, बायजाने ओळ धरली: "पाटाव बस गो, नवरी बाय." तिच्या आवाजाच्या तळाशी, कान दिला तरच, तरुण हिराबाय बारीकशी ऐकू येत होती. ती कुणी टाकली नव्हती. मामीचा हात वर गेला, खाली आला. काकीचा हात. म्हातारीचा आवाज हळूहळू उघडत गेला. मांडवात बोलणारं कुणी राहिलं नाही, मेनन सरसुद्धा, म्हणजे बघा.

तिसऱ्या हाताला मोठी थांबायची जागा आली. टेपवर तेव्हाच्या आत्याला कुणीतरी तेल आणून देत होतं. स्पीकरमधून नुसती खुसपुस. दहा सेकंद, वीस सेकंद. डीजेवाल्याला वाटलं संपलं. त्याने स्वतःच्या मशीनचं बटण चाचपत आमच्या स्पीकरच्या वायरकडे हात नेला.

हिराबायने मान न वळवता त्याच्या मनगटावर हळदीचा हात ठेवला.

"हात काढ, बाला," ती म्हणाली. "ती दम घेतंय."

तो थांबला. सगळा मांडव थांबला. आत्या हळद घेऊन हात अधांतरी धरून उभी होती. मग स्पीकरमध्ये एक बांगडी वाजली, कुणीतरी घसा खाकरला, आणि बायजा गायला लागली.